दर मृगाला तीच तक्रार : ‘डब्यातलं बी उगवलंच नाही’

मृगाच्या दोन सरी पडून आठ-दहा दिवस झाले की माझा फोन वाजायला लागतो. “ताई, भेंडी लावून बारा दिवस झाले न, एकही वर आली नाही.” “मिरची जशीच्या तशी पडून आहे मातीत.” “दोडक्याचं बी उकरून पाहिलं, तर पिचपिचित झालं होतं.” ओळीने तीन पावसाळे हेच ऐकलं.

आम्ही नागपूरचे पंचवीस-तीस हौशी बागवाले. कुणाची त्रिमूर्तीनगरात गच्ची, कुणाची मनीषनगरात चार फुटांची बाल्कनी, एका भाऊंचा बेसा रोडला अर्धा प्लॉट रिकामा. बियांची देवघेव करतो. पैसे नाहीत, पावती नाही. एक मोठा स्टीलचा डबा, त्यात कागदाच्या पुड्या, आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी भेट. तुमच्याकडेही असा डबा असेल आणि हीच तक्रार येत असेल, तर आम्ही कुठे कुठे चुकलो ते वाचून घ्या. तुमचं एखादं वर्ष तरी वाचेल.

पहिली दोन वर्षं आम्ही देणाऱ्यालाच धरलं. “कोणी दिलं होतं हे बी?” असं गटात कुणी विचारलं की ज्याचं नाव निघेल तो पुढच्या रविवारी यायचाच नाही. मानेवाड्याच्या एका काकूंच्या भेंडीवरून असंच झालं. त्या चिडल्या नाहीत, नुसत्या गप्प झाल्या, आणि ते जास्त लागलं. पण त्या पुढच्या भेटीला आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कुंडी. कुंडीत भेंडीची पाच रोपं, चांगली वीतभर.

“हे पाहा बरं. त्याच शेंगांचं बी आहे. माझ्या घरी मस्त येऊन राहिलं, तुमच्या डब्यातलं येत नाही. मग माझं बी काहून वाईट?”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्याच दिवशी काकूंच्या घरच्या डबीतले दहा दाणे आणि आमच्या डब्यातले दहा, दोन वेगळ्या ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवले. सहा दिवसांनी उघडलं. काकूंचे आठ फुटले होते, आमचे दोन. एकाच झाडाच्या शेंगा, एकाच दिवशी तोडलेल्या. फरक एवढाच की अर्धं बी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर होतं आणि अर्धं माझ्या हॉलमध्ये.

म्हणजे दोष डब्याचा. आणि डबा माझ्या ताब्यात.

डबा कुठे होता ते सांगते. हॉलच्या खिडकीखाली, कुलरच्या बाजूला. का? तर ‘बी थंड जागी ठेवावं’ असं आम्ही सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलेलं, आणि मे महिन्यात आमच्या घरात थंड जागा ती एकच. आता लिहिताना हसू येतं. नागपुरात उन्हाळ्यात बाहेरची हवा ४४-४५ अंशांची आणि इतकी कोरडी की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो. नवतपात तर विचारूच नका. पण कुलर देतो ती हवा ओल्या गवतातून पाणी पिऊन आलेली असते. गारवा मिळतो तो त्या पाण्याच्या वाफेमुळेच. आम्ही बियांना अडीच महिने रोज ती वाफ देत होतो, आणि उरलेले चार महिने पावसाळ्याची.

आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळतं. एक आणलं. कुलर चालू असताना डब्याजवळ ६८ टक्के, गच्चीच्या जिन्यात २१. मी तीनदा जागा बदलून पाहिलं, मला आकडा खरा वाटेना.

हॅरिंग्टन नावाच्या बीजशास्त्रज्ञाचा एक जुना ठोकताळा आहे. साठवणीच्या जागेचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी मिळवा. बेरीज १०० च्या खाली राहिली तर बी बरंच टिकतं. आता आपल्या घराची बेरीज करा. कुलरची खोली : ३२ अंश सेल्सिअस म्हणजे ९० फॅरनहाइट, अधिक ६५, झाले १५५. ऑगस्टमधली कुठलीही खोली : ८२ अधिक ८५, झाले १६७. मे महिन्यात कुलर नसलेली बंद खोली : १०४ अधिक २०, झाले १२४. म्हणजे ज्या तापलेल्या खोलीत आपण पाच मिनिटं बसू शकत नाही, ती बियांना कुलरच्या हॉलपेक्षा बरी. कोरडं बी उष्णता बऱ्यापैकी सोसतं. ओलसर बी सोसत नाही. ते आतल्या आत श्वास घेत राहतं, स्वतःचा साठा खात राहतं आणि मृग येईपर्यंत म्हातारं होतं. दाणा दिसायला तसाच असतो, म्हणून तर कुणाला पत्ता लागत नाही.

त्याच शास्त्रज्ञाचा दुसरा हिशोब : बीमधली ओल एका टक्क्याने उतरली की आयुष्य साधारण दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरलं तरी साधारण दुप्पट. आपल्या हातात जास्त आहे ते ओल उतरवणं. तेव्हा आधी वाळवा, मग थंड करा. उलटं केलं की फसलं.

वाळवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आमच्यात कुरड्या-पापडांच्या शेजारी गच्चीवर बी पसरणारे आहेत. मे महिन्यातल्या दुपारच्या टाइलवर आपला पाय टिकत नाही, तिथे बी भाजून निघतं. बी सावलीत वाळवायचं, ज्या खोलीत कुलर नाही तिथे, कागदावर एका थरात, पंख्याखाली. भेंडीसारखं, किंवा भाजीच्या वांग्या-मिरच्यांचं उन्हाळ्यात धरलेलं बी एवढ्याने होऊन जातं. नागपूरचा उन्हाळा ही बियांसाठी फुकटची भट्टी आहे, फक्त ऊन नको, हवा घ्यायची.

पावसाळ्यात धरलेलं बी मात्र पंख्याने वाळत नाही. ऑगस्टमध्ये बरबटीच्या (चवळीच्या) शेंगा वाळल्या म्हणून तुम्ही दाणे काढता, ते हाताला कोरडे लागतात, पण हवेतच एवढी ओल असते की दाणा तिच्याखाली उतरूच शकत नाही. तिथे सिलिका जेल लागतं. बूट आणि पर्सच्या खोक्यात मिळणाऱ्या पुड्यांनी काही होत नाही, त्या बहुधा आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारे सुटे दाणे आणा. नारिंगी घ्या, जे ओल घेतली की हिरवे होतात. निळे घेऊ नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो घरात नको. जेवढ्या वजनाचं बी तेवढ्याच वजनाचे दाणे, दोन्ही वेगवेगळ्या कापडी पुरचुंड्यांत बांधून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत पाच-सात दिवस. दाणे हिरवे झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परत नारिंगी होईपर्यंत फिरवायचे आणि पुन्हा वापरायचे. ती कढई मग स्वयंपाकाला नाही. सिलिका मिळालं नाही तर तांदूळ चांगला भाजून, बंद डब्यात गार करून वापरता येतो. त्याची ताकद कमी, म्हणून बीच्या दुप्पट घ्या.

वाळलं की नाही हे यंत्राशिवायही कळतं. लवकी (दुधी) किंवा कोहळ्याचं (आमच्याकडे लाल भोपळ्याचं) बी दोन बोटांत धरून वाकवा. लवलं तर ओलं आहे, कटकन मोडलं तर झालं. वाल-बरबटीचा दाणा दाताखाली धरा. खूण उमटली तर परत बरणीत. मिरचीचं बी नखाने दाबून पाहा, चिवट लागता कामा नये.

काकूंच्या डबीत काय होतं, तर चाळलेली राख. त्यांचं गाव भिवापूरकडे, तिथून येताना चुलीची राख आणतात. कोरडी राख ओल ओढते आणि किडीलाही नको वाटते, तेव्हा मिळत असेल तर खुशाल वापरा. कडुनिंबाच्या पाल्याचं मात्र आमच्याकडे भलतंच झालं. एका दादांनी अंगणातला हिरवागार पाला तोडून थेट डब्यात टाकला. चार दिवसांत पाला मऊ, पुड्या ओल्या, आणि तान्ह्या पोळ्याला डबा उघडला तर आत पांढरी बुरशी. बाहेर मारबतीच्या मिरवणुकीत ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ चाललेलं, आणि आम्ही घरात बसून चौदा पुड्या फेकत होतो. पाला खडखडीत वाळलेलाच हवा, आणि तो किडीसाठी असतो. ओलीसाठी त्याचा काही उपयोग नाही.

किडीचं निघालंच आहे तर : बरबटी, वाल, पोपटाच्या शेंगा, तूर यांच्या दाण्यांना गोल भोकं पडतात ती भुंग्यांची. अंडी बहुतेकदा शेतातच, शेंगेवर घातलेली येतात, म्हणून ‘माझा डबा स्वच्छ होता’ या म्हणण्याला अर्थ नाही. पूर्ण वाळलेले दाणे हवाबंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले की काम संपतं. ओले ठेवले तर भुंगा मरेल आणि अंकुरही मरेल.

आता डबा राहिला नाही. त्याच्या जागी चार काचेच्या बरण्या आहेत, माझ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. आत सिलिका, आर्द्रता ३० च्या आसपास, तापमान ५ अंश म्हणजे ४१ फॅरनहाइट. बेरीज ७१. फक्त एक गोष्ट पाळावी लागते. बरणी फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडायची नाही. रविवारच्या भेटीसाठी ती शनिवारी रात्रीच बाहेर काढून, झाकण बंद ठेवून, ओट्यावर ठेवते. नाहीतर पावसाळ्यात गार बियांवर लस्सीच्या गिलासासारखे थेंब जमतात आणि महिनाभराची मेहनत दहा मिनिटांत पाण्यात.

वाटण्याआधी तपासायचंही आम्ही ठरवलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक पुडीतले दहा दाणे, ओलं करून पिळलेलं फडकं, त्याची गुंडाळी, प्लास्टिकच्या पिशवीत. बरबटी-भेंडीला आठवडा, मिरची-वांग्याला चौदा दिवस. सरकारी प्रमाणित बियाण्याला उगवणीची किमान अट भेंडीसाठी ६५ टक्के, टमाटर आणि वांग्यासाठी ७०, मिरची आणि वेलभाज्यांसाठी ६०, चवळीसाठी ७५ अशी आहे. म्हणजे पैसे देऊन आणलेलंही सगळंच्या सगळं उगवेल अशी हमी नसते. हे आकडे गटात सांगितले तेव्हा निम्म्या तक्रारी तिथेच विरल्या. दहातले सहा आले तर पुडीवर ‘६/१०’ लिहितो आणि दोन दाणे जास्त पेरा म्हणतो. तीनच्या खाली आले तर ती पुडी वाटत नाही. ज्याला तो वाण वाचवायचाच आहे, त्याला सगळी देऊन टाकतो.

सांभार आणि पालक या तपासणीत उगाच नापास होतात, त्यांना सांभाळून घ्या. दोघांनाही उकाडा सोसत नाही. खोली ३८ अंशांची असेल तर चांगलं बीसुद्धा झोपून राहतं. त्यांची गुंडाळी माठाच्या बुडाशी ठेवा किंवा सरळ ऑक्टोबरमध्ये तपासा. आणि सांभाराचा दाणा पेरण्याआधी लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करा, एका दाण्यात दोन बिया असतात. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.)

साठवण सुधारल्यावर ‘उगवलंच नाही’ खूप कमी झालं. तेव्हा लक्षात आलं की तिच्याआड दुसरी तक्रार लपलेली होती : ‘उगवलं, पण हे ते नाही.’

याचं मूळ आम्हीच केलेल्या नियमात निघालं. गट सुरू करताना मोठ्या उत्साहाने ठरवलं होतं, एक मूठ न्यायची, दसऱ्यापर्यंत दोन मुठी परत करायच्या. ऐकायला छान. झालं काय, तर दसरा जवळ आला की लोकांना ओशाळं वाटायचं. माकडांनी वेल ओरबाडले, पावसात झाड गेलं, घरी लग्न होतं, पण दोन मुठी तर द्यायच्या आहेत. मग कोणी हिरव्या शेंगा सोलून द्यायचे, कोणी गोकुळपेठच्या बाजारातून आणलेल्या टमाटरचं बी काढून द्यायचे. त्यातलं बरंचसं संकरित. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत दहा झाडं दहा तऱ्हेची निघतात. कुणी मुद्दाम फसवत नव्हतं. नियमच असा होता की प्रामाणिक माणसाने वाईट बी आणून द्यावं.

तो नियम काढून टाकला. विरोध झाला, “मग कोणी काहीच देणार नाही न” असं एक भाऊ म्हणाले, आणि पहिल्या वर्षी परत आलेल्या पुड्या खरंच कमी झाल्या. पण ज्या आल्या त्या लावण्याजोग्या होत्या. ज्याला बी धरता येत नाही त्याने सिलिका भाजून द्यावं, पुड्या शिवाव्यात, फडकी गुंडाळावीत. मला याच लोकांची जास्त गरज असते.

दुसरं कारण मधमाश्या. वेलभाज्यांत एका जातीचे दोन वाण शेजारी असले की त्यांचा संकर ठरलेला, आणि नागपुरातल्या गच्च्या मधमाशीला काय लांब? लोकांचा गोंधळ इथे होतो की फळ तर अगदी हवं तसंच लागलं होतं. लागणारच. फळ आईच्या वळणावर जातं, भेसळ आतल्या बीमध्ये असते आणि ती पुढच्या वर्षी दिसते. कोहळं आणि लवकी शेजारी असली तरी चालतं, त्यांचं आपसांत जुळत नाही. लांब लवकी आणि गोल लवकी मात्र जुळते.

उपाय हाताने परागीकरण. आदल्या दिवशी ज्या कळ्या उद्या उमलणार त्या ओळखायच्या (टोकाला रंग चढतो), एक नर, एक मादी, दोन्हींची तोंडं दोऱ्याने बांधायची. मादी कळीच्या खाली बारीक फळ असतं. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं, तेव्हा सकाळी नराच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीच्या आत लावायचा आणि तिला परत बांधून टाकायचं. लवकी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांच्या कळ्या दुपारीच बांधाव्या लागतात. आमच्याकडे एकजण वर्षभर सकाळी सहाला लवकीच्या वेलाशी उभे राहून ‘फुलं मिटलेलीच असतात’ म्हणत होते. हाताने केलेल्या फळाच्या देठाला लाल लोकरीचा धागा बांधा, नाहीतर घरातलं कुणीतरी ते भाजीला तोडतं. माझ्याकडे दोनदा तोडलं.

भेसळीच्या लवकीबद्दल एक गोष्ट गमतीत घेऊ नका. फळ कडू लागलं तर त्याची भाजी नको, रस तर नकोच. त्या कडूपणातलं कुकुरबिटासिन पोटात गेल्याने माणसं गंभीर आजारी पडली आहेत. वेल उपटा आणि ज्या पुडीतून आला ती सगळी फेका. नव्या वेलाचं पहिलं फळ कापलं की जिभेच्या टोकाला एक फोड लावून पाहायची आणि थुंकायची, हे आम्ही आता पुडीवरच लिहितो.

आणि काही वेळा बी बरोबर असतं, चूक नावाची असते. पुण्याहून आलेल्या एक ताई आमच्या पुडीतलं ‘कोहळं’ घेऊन गेल्या. सांडग्यांसाठी पांढरं, राखेसारखं फळ येणार म्हणून चार महिने वेल सांभाळला आणि लागलं काय, तर लाल भोपळा. “फसवलं तुम्ही मला!” म्हणाल्या. आम्हाला आधी कळेचना, कोहळं मागितलं, कोहळंच दिलं. विदर्भात कोहळं म्हणजे लाल भोपळा, त्यांच्याकडे कोहळा म्हणजे पेठ्याचा. तेव्हापासून पुडीवर दोन्हीकडची नावं लिहितो, लवकी/दुधी, बरबटी/चवळी, आणि शक्य असेल तर फळाचा बोटभर फोटो चिकटवतो. त्याखाली कधी धरलं, कुठल्या भागात, किती झाडांवरून, शेजारी दुसरा वाण होता का. देणाऱ्याचं नाव आता लिहीत नाही. काकूंच्या प्रकरणानंतर ते बंद केलं. ते फक्त माझ्या वहीत असतं.

शेवटी ज्या बिया बरणीत ठेवायच्याच नाहीत त्यांच्याबद्दल. कुणीतरी दर वर्षी फणसाच्या आठळ्या, जांभळाच्या बिया, कढीपत्त्याची पिकलेली फळं आणून देतं. या बिया वाळवल्या की मरतात, किंवा फार दिवस थांबत नाहीत. सिलिकात घालणं म्हणजे त्यांना मारणंच. संत्र्याच्या बियाही येतात, नागपूर म्हटल्यावर येणारच, पण बागवाले संत्रं जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर डोळा भरून करतात, कुंडीत बी टाकून फळाची वाट पाहत बसू नका. हे सगळं आलं त्याच दिवशी वाटून मोकळं व्हायचं.

यंदा जूनअखेर जांभळाच्या सात बिया कुणीच नेल्या नाहीत, म्हणून मी त्या एका कुंडीत खोचल्या. जांभळाच्या एका बीतून कधी कधी एकाहून जास्त रोपं निघतात, हे मला वाचून माहीत होतं. सातातून अकरा निघाली आहेत. माझ्याकडे जागा एकाही जांभळाला नाही. बेसा रोडच्या भाऊंनी दोन घेतली, नऊ उरली आहेत. ज्याच्याकडे अंगण असेल त्याने पुढच्या रविवारी पिशवी घेऊन यावं.